थांबा मॅडम

मॅडम लॅबमध्ये आल्या की सुरुवातीला थोडा वेळ त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदाच होता. ऐरोलीहून रिक्षानं यायच्या, पर्स टेबलावर ठेवायच्या, दोन्ही तळहात टेबलावर पालथे टेकवायच्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. मी नवीन होते, मला काय ठाऊक! मी आपली फाइल घेऊन धावत गेले, "गुड मॉर्निंग मॅडम, ते कालच्या तेलाच्या सॅम्पलचं..." तर म्हणाल्या, "थांब. मी अजून पोचले नाही." मी बघतच राहिले. बाई समोर खुर्चीत बसलेली, चष्मा नाकावर, पर्स टेबलावर, आणि म्हणे पोचले नाही! घरी जाऊन आईला सांगितलं, "आमची साहेबीन येडी हाय." आई म्हणाली, "पगार टायमावर देतात ना? मग असू दे येडी."

महाप्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका जुन्या गाळ्यात आमची टेस्टिंग लॅब आहे. ट्रान्सफॉर्मरचं तेल, केबल, कपॅसिटर, मोटरी, मोबाइलच्या चार्जरमध्ये असतात ते काळे चुंबकी गाभे, म्हणजे जे जे वीज अडवतं आणि जे जे चुंबक होतं, ते सगळं आमच्याकडे तपासायला येतं. मॅडम तिथल्या हेड. फिजिक्सच्या पीएचडी, मूळच्या सांगलीकडच्या, लग्न केलं नव्हतं, धाकट्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर राहायच्या. आता रिटायर झाल्यात, पण आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतोच. त्यांचा फोन म्हणजे एक वेगळंच प्रकरण. आपण काही विचारलं की पलीकडे शांतता. इतकी शांतता की आपल्याला वाटतं नेटवर्क गेलं. आपण "हॅलो? हॅलो?" करतो. मग आवाज येतो, "विचारलंस ना? मग उत्तराला वेळ दे की."

आणि मी कोपरखैरण्याची. नव्या शहराचे सेक्टर पडायच्या आधीपासूनची, गावातली, आगऱ्याची पोर. आमच्या घरात सगळे एकदम बोलतात. जो थांबला त्याचा नंबर कधी लागतच नाही. अशा घरातून उठून मी नेमकी ह्या बाईच्या हाताखाली जाऊन पडले. पहिले सहा महिने तर माझं डोकं फिरायचं बाकी होतं. कुठलीही गोष्ट विचारा, पहिला शब्द 'थांबा'. म्हणून आमच्या प्रशांतनं, म्हणजे माझ्याबरोबरच्या दुसऱ्या इंजिनिअरनं, त्यांचं नाव ठेवलं 'थांबा मॅडम'. त्यांना ते माहीत होतं. राग नाही, लोभ नाही. एकदा त्यांच्यासमोरच माझ्या तोंडून ते नाव निघालं, मी जीभ चावली, तर म्हणाल्या, "बरोबरच आहे. मी दुसरं काय सांगते तुम्हाला?"

बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, टिकल्यांचं पाकीट असतं. मॅडमच्या पर्समध्ये दोन्ही टोकांना चिमटे लावलेली तांब्याची एक गुंफलेली वायर असायची. चांगली हातभर लांब, वेणीसारखी. कुठलीही वस्तू टेस्टला लावण्याआधी आणि टेस्ट झाल्यावर तिची दोन टोकं ह्या वायरनं एकमेकांना जोडून ठेवायची, हा त्यांचा नेम. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका मोठ्या कपॅसिटरपाशी उभं केलं. त्यात वीज भरून ठेवली होती. वायर लावली, फट्ट करून ठिणगी उडाली. वायर काढली. "गेली वीज?" "गेली," मी म्हटलं. मीटर लावलं, शून्य. "आता थांब." मी थांबले. म्हणजे पाय आपटत उभी राहिले. आणि बघते तर काय, मीटरवरचा आकडा आपोआप वर यायला लागला! ना कुठली बॅटरी जोडलेली, ना कुठला प्लग. अंगावर काटाच आला माझ्या. आमच्या गावात असलं काही झालं असतं तर लोकांनी नारळ फोडला असता.

"कोणी भरली ही?" मी विचारलं.

"कोणी नाही. त्याच्या आतच होती. वरवरची मघाशी गेली. आतली उशिरा येते." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "ठिणगी उडाली म्हणजे संपलं असं समजून हात लावलेल्यांच्या हातांना आयुष्यभराची खूण राहते. म्हणून वायर लावली की लगेच काढायची नाही."

हे असं का होतं ते त्यांनी मला सांगितलं ते मात्र दादाच्या लग्नानंतर. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याच्या लग्नाला मॅडम आल्या होत्या. आमच्याकडचं लग्न म्हणजे किती माणूस, किती आवाज, ते काय सांगू! मॅडम एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या. मी दोनदा जेवायला बोलवायला गेले, तर म्हणाल्या, "थांब, मी बघते आहे." काय बघत होत्या देव जाणे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सांगितलं.

"मंगलाष्टकं चालू होती तेव्हा सगळी माणसं कुठं तोंड करून होती?"

"मांडवाकडे."

"संपल्यावर?"

"संपल्यावर काय, जेवायला पळाली."

"सगळी?"

मी आठवायला लागले. पोरंटोरं तर 'शुभमंगल' म्हणायच्या आतच पळाली होती. बापे माणसं थोड्या वेळानं. आणि आमच्या आत्या, मावश्या, काकू? त्या खुर्च्यांतून हलायलाच तयार नव्हत्या. एकीचं गुडघ्याचं दुखणं, दुसरीचं नवरीच्या साडीवरचं बोलणं. हॉलवाला झाडू घेऊन आला तरी दोघी-तिघी मांडवाकडे तोंड करून बसलेल्याच.

"कागदात, वार्निशमध्ये, प्लास्टिकमध्ये हेच असतं," मॅडम म्हणाल्या. "एका टोकाला थोडे अधिक, दुसऱ्या टोकाला थोडे उणे, असे बारीक बारीक असंख्य कण. आपण व्होल्टेज लावलं की ते सगळे एका बाजूला तोंड करतात. काढलं की परत आपापल्या जागी फिरतात. पण सगळे एकदम नाही. काही पोरांसारखे, काही तुझ्या आत्यासारखे. त्या आत्या उठेपर्यंत हॉल रिकामा झाला असं म्हणायचं नाही. ह्यालाच म्हणतात रिलॅक्सेशन."

इंजिनिअरिंगला मी हा धडा पाठ केला होता, त्यावर मार्कही मिळवले होते. कळला मात्र त्या दिवशी, तेही आत्याच्या गुडघ्यामुळे. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्या हसायच्या तेव्हासुद्धा विनोद होऊन गेल्यावर थोड्या उशिरानं हसायच्या.

चुंबकी गाभ्यांची तऱ्हा तशीच. त्यांच्यातलं जुनं चुंबकपण आधी पुसून टाकावं लागतं. पुसल्या पुसल्या तो गाभा असा काही बिथरलेला असतो की आकडा भलताच वर दाखवतो, आणि मग आतले अणू आपापल्या जागा धरतात तसतसा उतरत जातो. मॅडमनी त्यासाठी मागची एक छोटी खोली राखून ठेवली होती. आत स्पंजच्या गाद्या, त्यावर गाभे ओळीनं निजवलेले, पंखा बंद, कोणी आत जायचं नाही, जोरात दार लावायचं नाही. प्रशांत तिला म्हणायचा बाळंतिणीची खोली. एकदा एक कारखानदार तावातावानं आला. त्याचा आकडा आमच्यापेक्षा चढा होता, आम्ही त्याचा माल मुद्दाम पाडतो असं त्याचं म्हणणं. मॅडमनी त्याच्याच समोर त्याचाच गाभा पुसला, लगेच मोजला. "हा बघा तुमचा आकडा. बरोबर आहे. आता चहा घ्या." चहा झाला, परत मोजला, आकडा खाली. परत चहा. परत मोजला, अजून खाली. तो माणूस कपाकडे बघायला लागला, जणू चहातच काही घातलंय. जाताना मात्र मॅडमना वाकून नमस्कार करून गेला.

पण खरी मजा आली ती आमच्या मार्केटिंगच्या साहेबांची. ह्यांचं रोज एकच टुमणं, "मॅडम, टेस्ट फास्ट करा. मार्केट फास्ट आहे." त्या दिवशी मॅडमनी त्यांना सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "मी ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. चालेल?" साहेबांना वाटलं काहीतरी मीटिंगमधला गेम आहे. हसत तयार झाले. मॅडम सावकाश म्हणाल्या, "ऊठ." साहेब उठले. "बस." बसले. अगदी आरामात. मग मॅडमनी वेग वाढवला. "ऊठ, बस, ऊठ, बस, ऊठ!" साहेब अर्धे उठतात तोवर बस, अर्धे बसतात तोवर ऊठ. शर्ट भिजला, टाय खांद्यावर. आणि मग मॅडम इतक्या भरभर बोलायला लागल्या की 'ऊठबसऊठबस' असा नुसता भुंगा. साहेबांनी सोडून दिलं. जागच्या जागी बसून राहिले, धापा टाकत.

"पाहिलंत? हळू सांगितलं तर वस्तू मागे मागे येते, त्रास नाही. फार भरभर सांगितलं तर ऐकतच नाही, त्रास नाही. मधल्या वेगात मात्र ती तुमच्या मागे धावत राहते आणि तापते. तुमच्या घरातला मायक्रोवेव्ह पाण्याला असाच दमवतो." साहेब घाम पुसत होते. मॅडम पुढे म्हणाल्या, "तेव्हा किती वेगानं विचारायचं ते वस्तू ठरवते, मार्केट नाही." आम्ही दोघं बाळंतिणीच्या खोलीत जाऊन तोंड दाबून हसलो. दारसुद्धा हळूच लावलं.

अशा ह्या बाईच्या हातात एक दिवस माझ्या दादाचं सगळं येऊन पडलं.

दादाचा गावात मोटरींच्या वाइंडिंगचा गाळा. हात चांगला, पण आदल्या वर्षी त्यानं करून दिलेली एक मोटर चालू केल्यावर थोड्याच दिवसांत जळाली. पंपात गाळ अडकला होता असंही लोक म्हणाले, पण नाव दादाचं झालं. एमआयडीसीतली कामं यायची बंद झाली. नुसत्या घरगुती पंपांवर किती दिवस काढणार? तो गप्प गप्प राहायला लागला. आमच्या घरात माणूस गप्प म्हणजे काय समजायचं ते समजा. मग मस्कतची जागा निघाली. एजंट ओळखीचाच. वहिनीला सातवा लागलेला. आई देवापुढे बसून राहायची. वहिनी तोंडानं "जा" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

तेवढ्यात महाप्यातल्याच एका कारखान्यानं दादाला एक मोठी मोटर दिली. मोठी म्हणजे चेन ब्लॉकच्या साखळीनं उचलायची. अट एकच, आमच्या लॅबचं 'पास' पाहिजे. दादानं घरात सगळ्यांसमोर सांगितलं, "ही पास झाली तर मी इथंच. नाय झाली तर मस्कत. मग मला कोनी अडवायचा नाय." एजंटला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस आणि मोटर लॅबमध्ये यायचा दिवस, नेमका एकच आला. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं.

माझा भाऊ, म्हणून मी त्या मोटरीला हात लावला नाही. टेस्ट प्रशांतनं केली. साधी टेस्ट असते. वाइंडिंगला व्होल्टेज लावायचं, ते वीज किती अडवतं त्याचा मिनिटभरानं एक आकडा घ्यायचा आणि बऱ्याच वेळानं दुसरा. वाइंडिंग चांगलं कोरडं असेल तर दुसरा आकडा पहिल्याच्या निदान दुप्पट चढतो. ओल असेल तर चढत नाही. प्रशांतनं मला नजरेनंच सांगितलं. आकडा चढला नव्हता. जवळपास होता तिथंच.

दादा भिंतीला टेकून उभा होता. "भट्टीत दोन दिस सुकवली व्हती," एवढंच म्हणाला, मला नाही, असंच, हवेत. प्रशांत म्हणाला, "रिपोर्टवर फेल लिहावं लागेल गं. मॅडम आल्या की सही होईल." मॅडम बाहेर मीटिंगला गेल्या होत्या.

दुपारी त्या आल्या. पर्स टेबलावर. तळहात टेबलावर. समोर भिंत. मी त्यांच्यासमोर उभी, माझा भाऊ बाहेर, आणि ही बाई अजून पोचलेली नाही! अहो, इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. वाटलं खांदे धरून हलवावं. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल."

"मॅडम, मोटर फेल झाली. तो माझा सख्खा भाऊ आहे."

"मोटरीला ते माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी प्रशांतचे दोन्ही आकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग दादासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आज सकाळपासून तुम्ही हिला तपासलंत?"

"नाय मॅडम."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. नुसत्या उभ्या. ती त्यांची शांतता माझ्या ओळखीची होती, पण समोर उभा राहून ती सोसणारा दुसरा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. दादाची मान खाली गेली.

"टेस्ट केली मॅडम. भट्टीतून काढली तवा केली. टेम्पोत चढवली तवा केली. हितं गेटवर तुमचा वॉचमन नाव लिहीत व्हता, तवा परत मेगरचा मीटर लावला. काय करू, जीवच राहत नव्हता. आकडा चांगला दिसला की जरा बरा वाटायचा. मग परत भ्या वाटायचा, मग परत लावायचो."

"आणि दर वेळी नंतर टोकं जोडून ठेवलीत?"

"तेवढा कुठला टाइम."

मॅडमनी प्रशांतकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. मोटर आत्ताच आली आहे म्हणून त्यानंही टेस्टच्या आधी वायर लावली नव्हती.

"ओल असती तर पहिलाच आकडा पडलेला असता," मॅडम म्हणाल्या. "हिचा पहिलाच आकडा चढलेला आहे. तुम्ही सकाळपासून सगळ्यांना मांडवाकडे तोंड करून उभं केलंय हो. आता अजून वळायला आत कोणी शिल्लकच नाही, तर आकडा चढणार कुठून?"

दादाला त्यातलं किती कळलं देव जाणे. त्याला एवढंच कळलं की अजून नाही म्हटलेलं नाही. "म्हंजे पास?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"मंग फेल?"

"तेही माहीत नाही. उद्या सकाळी कळेल." त्यांनी पर्समधून ती तांब्याची वायर काढली, स्वतः खाली बसून मोटरीची सगळी टोकं एकत्र बांधली आणि अर्थिंगला जोडली. मोटर काही बाळंतिणीच्या खोलीत मावणारी नव्हती. त्यांनी तिच्याभोवती खुर्च्या लावल्या आणि वॉचमनला बजावलं, "कोणी जवळ जायचं नाही. मी आले तरी मलाही सोडायचं नाही."

प्रशांत धीर करून म्हणाला, "मॅडम, तास-दोन तासांत आतलं बहुतेक उतरेल. संध्याकाळी घेऊ ना टेस्ट. त्यांना आज उत्तर द्यायचंय."

"बहुतेक उतरेल. पण बहुतेकवर मी सही करत नाही."

आता सगळं उघडच पडलं होतं. मस्कतचं, एजंटचं, वहिनीचं, सगळं मी भडाभडा सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं. दादा म्हणाला, "मॅडम, तुमाला काय वाटतंय? तेवढा सांगा. तुमी म्हनाल ती पूर्व दिशा."

परत ती शांतता. मी मनात म्हणत होते, अगं बाई, एकदा तरी पटकन बोल. खोटं बोल. 'होईल पास' म्हण, तुझं काय जातंय!

"मी मोटरीबद्दल सांगू शकते, तेही उद्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल मी काय सांगणार? एवढंच सांगते, घाईत घेतलेलं वाचन मी कधीच खरं धरत नाही. मोटरीचंही नाही आणि माणसाचंही नाही."

लॅबच्या दारात प्लास्टिकचा ट्रे असतो, सगळ्यांनी आपले मोबाइल त्यात ठेवायचे. संध्याकाळी आम्ही दोघं निघायला म्हणून तिथं आलो आणि दादाचा मोबाइल वाजायला लागला. एजंट. दादा ट्रेपाशी उभा राहिला. रिंग वाजतेय, मोबाइल त्या ट्रेमध्ये थरथरतोय, आणि दादाचा हात अर्ध्यावर. मला बोलायचं होतं, देवाशप्पथ, तोंडात आलेलं गिळलं. रिंग बंद झाली. परत वाजली. परत बंद झाली. मग दादानं मोबाइल उचलून खिशात टाकला आणि म्हणाला, "चल बाय, घरी जाऊ. आईला सांग, उद्या कळेल."

रात्री घरात कोणी जेवलं नाही. आईनं देव पाण्यात घातले नाहीत एवढंच.

सकाळी मॅडम नेहमीपेक्षा लवकर आल्या होत्या. त्यांचं पोचणं वगैरे आधीच उरकलेलं. त्यांनी आधी मीटर लावून बघितलं, आत काही उरलंय का. काही नव्हतं. मग स्वतः व्होल्टेज लावलं. पहिला आकडा आला तो कालच्यापेक्षा कमी. मी वळून प्रशांतकडे बघितलं. प्रशांत हळूच म्हणाला, "कमीच पाहिजे, आता चढायला जागा आहे." आणि आकडा चढायला लागला. हळूहळू, पण चढतच राहिला. आम्ही चौघं त्या मीटरभोवती असे उभे, जणू आत कोणाची तरी बाळंतपणाची वेळ आहे. शेवटचा आकडा आला. दुपटीच्याही वर, चांगला वर.

मॅडमनी व्होल्टेज बंद केलं, वायर लावली, आणि मगच म्हणाल्या, "पास. काम सुंदर केलंत तुम्ही."

काय सांगू मला काय वाटलं! छातीवर कुणी दगड ठेवला होता तो उचलला. मी ओरडले, प्रशांतनं टाळ्या वाजवल्या, दादानं हसत हसत वहिनीला फोन लावला. "झाली गं, पास झाली! नाय जात मी, कुठंच नाय जात!" पलीकडून आईचा आवाज आम्हाला फोन कानाला न लावता ऐकू येत होता. दादानं कारखान्यात कळवलं, टेम्पोवाल्याला बोलावलं, मला टपली मारली, प्रशांतच्या पाठीवर थाप मारली. एकदम पूर्वीचा दादा. मोटर न्यायला म्हणून तो उठला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मोटर झाली. तुम्ही बसा. चहा येतोय."

"नको मॅडम, टेम्पो येल आता..."

"येऊ दे. बसा."

दादा बसला. चहा आला. त्यानं कप हातात घेतला, एक घोट घेतला, काहीतरी बोलायला गेला आणि एकाएकी त्याचा चेहराच मोडला. कप खाली ठेवायचंही त्याला सुधरेना, चहा पँटवर सांडला. एवढा मोठा बाप्या, मांडीवर कोपरं टेकून, तोंड हातात धरून हुंदके द्यायला लागला. मी घाबरले. "दादा, अरे काय झालं? पास झाली ना मोटर! आता कसलं रडतोस?" मी त्याला उठवायला धावले.

मॅडमनी हात आडवा केला. "राहू दे. वरवरचं मघाशी गेलं. हे आतलं आहे."

त्या त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. हात नाही धरला, पाणी नाही दिलं, समजूत नाही घातली. दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, रोज सकाळी बसायच्या तशा. प्रशांतनं हळूच दार लोटून घेतलं. जळालेली मोटर, गाळ्यात रिकामे गेलेले दिवस, मस्कत, वहिनीचे डोळे, सगळं दादा तिथं बसून रडला. मीही रडले.

तेवढ्यात गेटवर टेम्पो आला आणि हॉर्न वाजवायला लागला. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला. दादा डोळे पुसून उठायला लागला. मी त्याला खांदा दाबून खाली बसवलं, आणि तशीच पळत गेटवर गेले.

"काय रे, आग लागली का तुझ्या टेम्पोला?" मी ओरडले. "थांब जरा! माणूस अजून आत हाय!"